बहात्तरावा अंश : पहिली जेट विमाने, त्यांच्या प्रतिकृती आणि इतिहासाची साधने



मराठी साहित्याच्या एका निवृत्त प्राध्यापकाने या स्मृतिव्याख्यानासाठी पहिल्या जेट विमानांचा विषय निवडावा, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. त्याचा खुलासा आधी करतो. माझे आयुष्य पोथ्यांतील पाठभेद ताडून पाहण्यात गेले. एका ओवीतला एक शब्द मूळचा की मागाहून कोणी घातलेला, याचा निवाडा करण्यात आठवडेच्या आठवडे घालवणाऱ्यांच्या जमातीतला मी आहे. निवृत्तीनंतर विमानांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती करणाऱ्या हौशी मंडळींचे लेखन माझ्या वाचनात आले आणि मला आपले भाऊबंदच भेटल्यासारखे वाटले. अमुक एका विमानाच्या पोटाचा रंग अमुक महिन्यात कोणता होता, यावर ही मंडळी वर्षानुवर्षे वाद घालतात. बाहेरच्याला तो पोरखेळ वाटतो. मला तो इतिहासलेखनाचाच एक कडक व्यायाम वाटतो, आणि तो कोठवर घेऊन जातो हे आज मला आपल्यापुढे मांडायचे आहे.

प्रथम प्रमाणाविषयी दोन शब्द. या छंदात सर्वाधिक रूढ असलेले प्रमाण म्हणजे एकास बहात्तर. प्रत्यक्षातले सहा फूट येथे एका इंचात बसतात. १९३० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये हे प्रमाण रुळले आणि महायुद्धाने त्याला सरकारी प्रतिष्ठा दिली. १९४२ साली अमेरिकेच्या नौदलाने आपल्या देशातील शाळांकडे पाच लाख प्रतिकृतींची मागणी केली. आपले विमान कोणते आणि शत्रूचे कोणते, हे तोफचींना दुरून ओळखता यावे म्हणून शाळकरी मुलांनी वर्गात बसून लाकडाची विमाने तासली. त्यांना काळा रंग द्यायचा होता, कारण आकाशात दिसते ती फक्त बाह्याकृती. आपण एका शाळेच्या सभागृहात बसलो आहोत, म्हणून ही गोष्ट मुद्दाम सांगितली.

त्या काळ्या प्रतिकृतींना आकृती पुरेशी होती. आजच्या प्रतिकृतिकाराला ती पुरत नाही. एकास बहात्तर या प्रमाणात अर्ध्या मिलिमीटरची चूक म्हणजे प्रत्यक्षातले साडेतीन सेंटिमीटर. जोडांच्या रेषा, रिव्हेट, चाकांची जागा, रंगांच्या सीमारेषा, शेपटीवरचा क्रमांक, हे सारे त्याला हवे असते आणि तेही एका विशिष्ट विमानाचे, एका विशिष्ट दिवशीचे. ‘साधारण असे असावे’ हे त्याला चालत नाही. हाताशी रंग आणि कुंचला घेऊन बसलेल्या माणसाला पंखाचे टोक गोल की चौकोनी, हे ठरवावेच लागते. लेखणी घेऊन बसलेला इतिहासकार अशा वेळी एखादे मोघम वाक्य लिहून पुढे सरकतो; आम्ही सर्वांनी तसे केले आहे.

आता ही पहिली जेट विमाने. इंग्लंडमध्ये फ्रँक व्हिटल या तरुण हवाईदल अधिकाऱ्याने १९३० च्या जानेवारीत जेट इंजिनाचे पेटंट दाखल केले. १९३५ मध्ये पाच पौंडांचे नूतनीकरण शुल्क भरले न गेल्यामुळे ते रद्द झाले. जर्मनीत हान्स फॉन ओहाइन यांनी स्वतंत्रपणे त्याच दिशेने काम केले आणि २७ ऑगस्ट १९३९ रोजी, युद्ध सुरू होण्यास अवघे काही दिवस असताना, हाइन्केल १७८ हे विमान एरिश वार्सिट्झ यांनी रोस्टॉकजवळ उडवले. जगातले हे पहिले टर्बोजेट उड्डाण. बर्लिनच्या संग्रहालयात ठेवलेले हे विमान १९४३ मधील बाँबवर्षावात नष्ट झाले. मूळ प्रत जळाली आणि मागे उरली थोडी छायाचित्रे. प्रत जळाल्यावर तिच्या उताऱ्यांत तफावत पडते, हे आमच्या क्षेत्रात नेहमीचेच आहे. हाइन्केलच्या छापील आराखड्यांचेही तेच झाले.

शिवाय ही विमाने गुपित होती, आणि गुपिताचा पहिला परिणाम साधनांवर होतो. अमेरिकेने आपले पहिले जेट विमान, बेल कंपनीचे एक्सपी-५९, १९४२ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातील म्यूरॉक येथे उडवले. जमिनीवर असताना त्याच्या नाकाला एक खोटा पंखा बसवून ठेवत, म्हणजे दुरून पाहणाऱ्याला ते साधे विमान वाटावे. त्याचे पंख्यासहचे छायाचित्र कोणाच्या हाती पडले आणि त्याने ते प्रमाण मानले तर? छायाचित्र अस्सल आहे, त्यातला पंखाही खरा लाकडी आहे, आणि तरीही ती नोंद फसवण्यासाठीच केलेली आहे. अस्सल कागद खोटे बोलू शकतो, हे राजवाड्यांच्या परंपरेत वाढलेल्यांना सांगायला नको.

ब्रिटिशांचे पहिले जेट विमान ग्लॉस्टर ई.२८/३९. त्याचा क्रमांक डब्ल्यू ४०४१, आणि पुढे त्याला ‘जी’ हे अक्षर जोडले गेले. त्या अक्षराचा अर्थ असा की जमिनीवर असताना या विमानावर अखंड पहारा हवा. १५ मे १९४१ च्या संध्याकाळी क्रॅनवेल येथे गेरी सेयर यांनी ते सतरा मिनिटे उडवले. तारीख निश्चित आहे. पण त्याआधी ८ एप्रिलला ग्लॉस्टर कंपनीच्या स्वतःच्या मैदानावर, उड्डाणास योग्य न मानलेल्या दुसऱ्याच इंजिनावर धावचाचणी घेताना त्याने जमीन सोडून छोट्या उड्या मारल्या होत्या. पहिले उड्डाण कोणते म्हणायचे? प्रतिकृतिकारासाठी हा शब्दच्छल नाही, कारण एप्रिलमधले विमान दाखवायचे की मे महिन्यातले, यावर पुढचा सारा तपशील अवलंबून असतो.

विमान तर संग्रहालयात आहे, मग जाऊन पाहिले की झाले, असे कोणी म्हणेल. डब्ल्यू ४०४१ हे १९४६ पासून लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे आणि व्हिटल यांचे डब्ल्यू.१ इंजिनही तेथेच आहे. पण मधल्या पाच वर्षांत या विमानाची इंजिने बदलली, वेगळ्या छेदाचे पंख वापरून पाहिले गेले आणि वेग वाढल्यावर स्थैर्यासाठी आडव्या शेपटीच्या टोकांजवळ लहान उभ्या पाती जोडल्या गेल्या. त्या पाती दिसणारे छायाचित्र १९४१ सालचे असू शकत नाही. याचेच जुळे विमान डब्ल्यू ४०४६ मार्च १९४३ मध्ये उडाले आणि त्याच वर्षी ३० जुलैला पंखांवरची नियंत्रणे अडकून कोसळले. वैमानिक डेव्ही सुमारे ३३,००० फुटांवरून हवाई छत्रीने उतरले. म्हणजे एक साक्षीदार मेला आणि उरलेला वारंवार वेश बदललेला. संग्रहालयातली वस्तू म्हणजे मूळ संहिता नव्हे. शेवटच्या लेखनिकाच्या हातून निघालेली ती पोथी असते. एकनाथांनी शुद्ध केलेली ज्ञानेश्वरी आपण वाचतो तेव्हा तिच्या मागे तीनशे वर्षांचे हात असतात, हे विसरून चालत नाही. तसेच हे.

रंगांचा प्रश्न याहून बिकट. ब्रिटिश प्रायोगिक विमानांचा वरचा भाग हिरवा-मातकट आणि पोट पिवळे असे. पण त्या काळच्या कृष्णधवल फिल्मा सगळ्याच एका जातीच्या नव्हत्या. ऑर्थोक्रोमॅटिक म्हणून ओळखली जाणारी फिल्म लाल रंग जवळजवळ ओळखतच नाही, त्यामुळे तांबडे काळे दिसते आणि पिवळेही अपेक्षेपेक्षा गडद उमटते. निळे मात्र फिके पडते. एकाच विमानाच्या दोन छायाचित्रांत पोट एकदा उजळ आणि एकदा काळपट दिसले, तर ते दोनदा रंगवले गेले असा निष्कर्ष काढण्याआधी फिल्म कोणती होती ते विचारावे लागते. छायाचित्र बोलते ते स्वतःच्या भाषेत. ती भाषा शिकल्यावाचून त्याची साक्ष घेणे, हे मोडी न येता पेशवे दप्तर वाचण्यासारखे आहे.

आता ज्या विमानापाशी मला अधिक वेळ थांबायचे आहे, त्याकडे वळतो. मेसरश्मिट २६२ हे जर्मनीचे विमान म्हणजे युद्धात प्रत्यक्ष लढलेले पहिले जेट लढाऊ विमान. सुमारे १,४०० विमाने तयार झाली. त्यांतली थोडीच एका वेळी लढाईच्या कामाची असत. याच्या प्रतिकृती जगभर अमाप निघाल्या आहेत.

त्याचा इतिहास त्याच्या आकारातच लिहिलेला आहे. एप्रिल १९४१ मध्ये ते प्रथम उडाले तेव्हा त्याच्या नाकात चक्क पंख्याचे जुने इंजिन होते, कारण जेट इंजिने तयार नव्हती. केवळ जेटच्या बळावर ते उडाले १८ जुलै १९४२ रोजी, लाइपहाइम येथे. वैमानिक फ्रिट्झ वेंडेल. त्या वेळी विमानाचे मागचे चाक शेपटीखाली होते, त्यामुळे धावताना नाक वर आणि शेपूट जमिनीला. या स्थितीत आडव्या शेपटीवर पुरेसा वारा येईना आणि ती उचलेना. उपाय असा निघाला की ताशी १८० किलोमीटरच्या सुमारास क्षणभर ब्रेक दाबायचा, म्हणजे विमान पुढे कलून शेपूट उचलली जाते. धावपट्टी संपत आलेली असताना ब्रेक दाबण्याचे हे धैर्य! पुढे नाकाखाली चाक आले ते याच अडचणीतून. पंखांचा मागे झुकलेला आकार पाहून पुष्कळांना ते भविष्याचा वेध घेणारे संशोधन वाटते. प्रारंभीचे कारण साधे होते: इंजिने अपेक्षेपेक्षा जड निघाली आणि तोल साधण्यासाठी पंखांचा बाहेरचा भाग मागे वळवला. आतला भाग पुढे बदलला. तेव्हा १९४२ च्या विमानाची प्रतिकृती करणाऱ्याने बाजारात मिळणाऱ्या १९४५ च्या विमानाच्या संचावर शेपटीचे चाक चिकटवले, तर तयार होणारे विमान जगात कधीच नव्हते.

रंगांविषयी १५ ऑगस्ट १९४४ चे एक परिपत्रक आहे. जर्मन विमान मंत्रालय रंगांना क्रमांक देत असे. नव्याने आलेल्या ८१ आणि ८२ या क्रमांकांच्या रंगांबाबत त्यात म्हटले आहे की नमुन्याची रंगपत्रके सध्या पुरवता येत नाहीत, सबब रंगछटेची तपासणी करू नये. हा आदेश मला फार बोलका वाटतो. ज्या राज्ययंत्रणेने प्रत्येक छटेला क्रमांक दिला, तीच आता सांगते आहे की रंग कसा का येईना, लावा. साहजिकच एका कागदात ८१ म्हणजे तपकिरी-जांभळा आणि दुसऱ्या कागदात तोच क्रमांक गडद हिरवा, अशी विसंगती सापडते. प्रतिकृतिकार गेली कित्येक दशके यावर झगडत आहेत. त्यांना एकच योग्य उत्तर हवे आहे, आणि माझ्या मते ते असूच शकत नाही, कारण कारखान्यागणिक छटा वेगळी होती. युद्धानंतर रंगीत छायाचित्रे पुष्कळ निघाली. परंतु विजेत्या अमेरिकनांनी आणि ब्रिटिशांनी हाती लागलेली विमाने आपल्या खुणांनी पुन्हा रंगवली होती. त्यांतील काही १९४५ च्या जुलैत ‘रीपर’ या जहाजातून अमेरिकेला गेली. त्यांच्यावर दिसतो तो रंग बहुधा जेत्यांचा आहे.

आता त्या विमानाच्या अंगावरचे पट्टे. १९४५ च्या वसंतात दोस्त सैन्याला जंगलांत, महामार्गांच्या कडेला अर्धवट जोडलेली, न रंगवलेली मेसरश्मिट २६२ विमाने सापडली. बुर्गाऊजवळच्या जंगलात झाडांखाली जोडणी करून विमाने महामार्गावरून उडवत. त्यांच्या उघड्या पत्र्यावर प्रत्येक जोडाशी फिक्या राखी-हिरवट रंगाचे रुंद पट्टे दिसतात. ती पुट्टी, म्हणजे आपले रंगारी जिला लांबी म्हणतात ती. पत्र्यांचे जोड नीट जुळत नव्हते. फटी लांबीने भरून, घासून, वर रंग मारला की विमान गुळगुळीत. प्रतिकृतिकारांना हे पट्टे फार प्रिय आहेत. न रंगवलेल्या विमानाची प्रतिकृती करताना ते मोठ्या कौशल्याने उमटवले जातात आणि स्पर्धांत त्यांना बक्षिसे मिळतात.

पण जोड का जुळत नव्हते? विमानाचे भाग एका छताखाली तयार होत नव्हते, हे एक उत्तर. बाँबवर्षावामुळे कारखाने विखुरले, भुयारांत आणि जंगलांत गेले. आणि तेथे काम करीत कोण होते, हे दुसरे. ऑस्ट्रियात लिंत्सजवळ माउटहाउझेनच्या छळछावणीला जोडून गुसेन येथे छावण्या होत्या. त्यांतील दुसरी १९४४ च्या मार्चमध्ये उघडली. तेथील कैद्यांकडून सांक्ट गेओर्गेन गावाखाली भुयारे खोदून घेतली आणि त्याच भुयारांत याच विमानांच्या सांगाड्यांचे उत्पादन सुरू केले. खोदताना माणसे मेली, जोडताना मेली, छावणीत उपासमारीने मेली. गुसेनच्या तिन्ही छावण्यांत मिळून किमान ३५,००० माणसांचा अंत झाला. थुरिंगियात काला येथे टेकडीच्या पोटात असाच कारखाना होता आणि तेथेही परदेशांतून आणलेले वेठबिगार राबत होते.

म्हणून मी म्हणतो की तो लांबीचा पट्टा हा एक दस्तऐवज आहे. त्यावर सही नाही, शिक्का नाही. पण तो उपाशी, अर्धशिक्षित, मारहाणीखाली काम करणाऱ्या हातांचा आणि धन्याच्या घाईचा लेख आहे. इंजिनाच्या मागच्या शंकूचा रंग कोणता, हे विचारणाऱ्यालाही असाच कागद हाती लागतो. निकेल आणि क्रोमियम यांची टंचाई असल्यामुळे युमो ००४ इंजिनाचे पुष्कळसे तापणारे भाग साध्या पोलादाचे करून त्यांवर ॲल्युमिनियमचा लेप देत. ही इंजिने दहा ते पंचवीस तास चालली की संपत. शंकूची ती मळकट चकाकी म्हणजे उतरणीला लागलेल्या राष्ट्राच्या भांडाराची यादी आहे. विमानाच्या सौंदर्यावर लिहिणारी चकचकीत पुस्तके या ठिकाणी गप्प असतात. त्यांतील आराखडे अचूक आहेत, माणसे गाळलेली आहेत. असा गाळीव इतिहास मला प्रक्षेपाहून वाईट वाटतो, कारण घुसडलेले निदान शोधून काढता येते.

ब्रिटिशांचे ग्लॉस्टर मीटिअर २७ जुलै १९४४ रोजी जर्मन उडत्या बाँबविरुद्ध प्रथम कामगिरीवर निघाले. त्याविषयी एकच सांगतो. १९४५ च्या आरंभी चार मीटिअर बेल्जियममधील मेल्सब्रुक येथे पाठवली तेव्हा ती संपूर्ण पांढरी रंगवली होती, आपल्याच तोफचींनी त्यांना शत्रूचे जेट समजू नये म्हणून. तो रंग अल्पकाळ टिकला. पांढऱ्या मीटिअरची प्रतिकृती करणाऱ्याने तारखेचे भान ठेवलेच पाहिजे.

आता आपल्या घराकडे. स्वतंत्र भारताच्या वायुसेनेचे पहिले जेट विमान म्हणजे डी हॅविलंड व्हॅम्पायर. पहिली विमाने १९४८ च्या नोव्हेंबरात आली. पुढे बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात ती बनू लागली. दोन दांड्यांच्या मधोमध एक शेंग, असे त्याचे रूप. ही शेंग लाकडाची आहे: प्लायवुडच्या दोन थरांमध्ये हलके बाल्सा लाकूड आणि वर कापड. पंख आणि दांडे मात्र धातूचे. तेव्हा शेंगेवर रिव्हेटांच्या रांगा कोरणारा कारागीर कितीही कुशल असो, तो लाकडात खिळे नसलेल्या जागी खिळे ठोकतो आहे. १९४८ मध्ये आलेल्या विमानांच्या पंखांचा विस्तार चाळीस फूट होता. नंतरच्या, बंगलोरला बनलेल्या एकासनी विमानांचा अडतीस, आणि टोके छाटल्यासारखी चौकोनी. एकास बहात्तर प्रमाणात हा फरक साडेआठ मिलिमीटर भरतो. डोळ्यांना सहज दिसेल इतका.

त्याहून मोलाचा तपशील पंखांवरच्या वर्तुळाचा. भारतीय वायुसेनेची आज परिचित असलेली खूण म्हणजे बाहेर केशरी, मध्ये पांढरे आणि आत हिरवे. ती आली २६ जानेवारी १९५० पासून. त्यापूर्वी, १९४८ पासून, विमानांवर निळ्या अशोकचक्राची खूण होती. देश स्वतंत्र झालेला, पण प्रजासत्ताक अजून व्हायचे, अशा त्या मधल्या काळाची ही खूण. पहिल्या व्हॅम्पायरवर तिरंगी वर्तुळ रंगवले तर घटनेच्या अंमलबजावणीची तारीख एक-दीड वर्ष अलीकडे ओढल्यासारखे होते. पाठ्यपुस्तकातली ती तारीख एका पंखावर अशी उमटलेली असते.

याच व्हॅम्पायरांच्या जुन्या झालेल्या पिढीला १ सप्टेंबर १९६५ च्या संध्याकाळी छांबच्या आघाडीवर रणगाड्यांवर हल्ला करण्यास पाठवले गेले आणि त्या एका संध्याकाळी चार विमाने पडली. त्यानंतर आघाडीच्या लढाईतून ती मागे घेण्यात आली. त्या दिवशीच्या विमानांचे रंग आणि क्रमांक यांविषयीची जिज्ञासा ही निव्वळ हौस राहत नाही, हे आपण जाणताच.

पालमच्या वायुसेना संग्रहालयात व्हॅम्पायर पाहावयास मिळते. परंतु डब्ल्यू ४०४१ विषयी जे म्हटले तेच त्यालाही लागू आहे. खरी साधने अजून घराघरांत आहेत. आपल्या या गावातून वायुसेनेत तंत्रज्ञ, फिटर, रंगारी म्हणून गेलेल्यांच्या पेटाऱ्यांत हँगरपुढे उभे राहून काढलेली छायाचित्रे असतील. त्यांत माणूस मधोमध असतो आणि विमानाची शेपटी कडेला अर्धी कापलेली असते. प्रतिकृतिकाराला आणि इतिहासकाराला हवी असते ती शेपटी. असे छायाचित्र घरी असेल तर ते कात्रीने छाटू नये, चौकटीत बसवण्यासाठी कडा दुमडू नये. जाणकार वडील माणूस हयात असेल तर त्याला आजच विचारावे आणि छायाचित्राच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने, शाईने नव्हे, चार गोष्टी लिहाव्यात: ठिकाण, महिना व साल, उभ्या असलेल्यांची नावे, आणि दिसत असेल तेवढा विमानाचा क्रमांक.